कोट घातलेला पणजोबा

मी सगळ्यात जास्त कुणाचं देणं लागतो असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला मला विचार करावा लागत नाही. माझ्या बायकोच्या आत्याचं. मी नगरला कॉलेजात शिकायला आलो तेव्हा त्या आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होत्या. माझे आईवडील पाथर्डीकडचे. दिवाळी झाली की घराला कुलूप लावून श्रीगोंद्याच्या कारखान्याला ऊसतोडीला जायचे, त्यामुळे सुट्टीत मी घरी न जाता त्यांच्या उसाच्या पाचटाच्या झोपडीवर, कोपीवर, जायचो. निघताना आत्या भाकरीचं फडकं हातात देत आणि त्याबरोबर एक कोरं पोस्टकार्ड. पोचलास की टाक, एवढंच सांगत. आमच्या घरात पत्र लिहिणारा मी पहिलाच. काय लिहायचं कळायचं नाही, म्हणून ‘पोचलो, आई बरी आहे’ एवढंच लिहायचो. पुढे मी पदवीधर झालो, हायस्कूलला मराठी शिकवायला लागलो, त्यांच्याच भाचीशी माझं लग्न झालं, आणि मी अजूनही कुठे गेलो की आत्यांना पोचल्याचं पत्र टाकतो. त्यांना आता कमी ऐकू येतं, फोनवर नीट बोलणं होत नाही, हेही एक कारण आहे. पण कारण नसतं तरी टाकलं असतं.

थोरले मेहुणे, म्हणजे बायकोचे सख्खे मोठे भाऊ, एका सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले आणि त्यांना पूर्वज आठवले. नोकरीत असताना आठवले नव्हते. माझे सासरे नागापूरच्या एमआयडीसीत फिटर होते. त्यांचे वडील गवंडी. नगरमधल्या कितीतरी घरांच्या भिंती त्यांच्या हातच्या आहेत. या दोघांबद्दल मेहुण्यांना विशेष काही सांगायचं नव्हतं. त्यांनी कुटुंबाची पुस्तिका छापायचं ठरवलं, तिच्या कच्च्या मसुद्यात सासऱ्यांना एक ओळ मिळाली होती, ‘औद्योगिक क्षेत्रात कार्यरत होते.’ गवंड्याच्या नावापुढे ‘बांधकाम व्यवसाय’. वसतिगृहात भाकरी थापून थापून ज्यांची बोटं वाकडी झाली त्या आत्यांसाठी ‘वसतिगृह व्यवस्थापन’. मी रोज मुलांना शब्द शिकवतो, पण शब्दांच्या आड इतकं लपणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुस्तिकेचा सगळा दिमाख पणजोबांचा होता. जुन्या चाळीतलं घर विकलं तेव्हा तिथल्या ट्रंकेत एक फ्रेम सापडली होती. ताठ कॉलर, काळा कोट, मांडीवर जाड पुस्तक, नजर थेट समोर. हेच आमचे पणजोबा, मिशनच्या शाळेतले गुरुजी, असं मेहुण्यांनी ठरवलं. कशावरून ठरवलं, तर फ्रेम आपल्या घरात सापडली आणि माणूस साहेबासारखा दिसतो यावरून. मेहुण्यांच्या सावेडीच्या बंगल्यात हॉलमध्ये सोफ्याच्या वर तो फोटो लागला आणि त्याच्यावर एक छोटा दिवा. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी पणजोबा मिळत.

एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी काळा ग्रॅनाइट आणून त्यावर तो चेहरा कोरून घेतला आणि खाली ‘आद्य ख्रिस्ती शिक्षक’ असं लिहून घेतलं. ईस्टरच्या पहाटे आमची ख्रिस्ती मंडळी कबरस्थानात उपासनेला जमते, त्या वेळी सगळ्यांसमोर दगडाचं अनावरण करायचं होतं. पणजोबांची कबर नेमकी कुठे आहे हे मेहुण्यांना माहीत नव्हतं. पण फाटकाजवळची मोकळी जागा त्यांना पसंत होती. येताजाता दिसते.

माझ्याकडे काम आलं ते पणजोबा कुठल्या शाळेत शिकवत होते हे शोधायचं. “दाजी, तुमचं मराठी चांगलंय,” मेहुणे म्हणाले, “आणि तुम्हाला वेळही असतो.” शिक्षकाला वेळ असतो, हे त्यांचं सरकारी मत.

मी शोधलं. मला असल्या कामाचा कंटाळा नाही. कागद वाचायला मिळणं ही माझ्या घरात चैन होती आणि ती चैन मी अजूनही मनापासून करतो. जुन्या शाळांची हजेरीबुकं चाळली. पगारपत्रकं जिथे जिथे शिल्लक होती तिथे पाहिली. पाळकसाहेबांनी चर्चच्या मागच्या खोलीत बसू दिलं, तिथे बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या वह्या होत्या. गुरुजी म्हणून पणजोबांचं नाव कुठेही नव्हतं. बाप्तिस्म्याच्या वहीत एकदाच होतं, धंद्याच्या रकान्यात ‘मजुरी’. दफनाच्या वह्या मी पुन्हा पुन्हा वाचल्या. मेलेल्याचं नाव, वय, आजार, उपासना कुणी घेतली, सगळं सुरेख अक्षरात. खड्डा कुणी खणला याला रकानाच नव्हता. खड्डा आपोआप पडत असावा अशा थाटात ती वही लिहिली होती.

मी ‘मजुरी’ची नोंद मेहुण्यांना दाखवली. ते म्हणाले, लिहिणाऱ्याची चूक असेल, किंवा पणजोबांनी विनयाने तसं सांगितलं असेल.

मग मी राहुरीला आत्यांकडे गेलो. आधीच जायला हवं होतं, पण मोतीबिंदूने त्यांना फारसं दिसत नव्हतं, म्हणून फोटोच्या कामात त्यांना कोण विचारणार. त्या एका खोलीत राहतात, शेजाऱ्यांची सून त्यांचं जेवणखाण बघते. सावेडीच्या बंगल्यात पाहुण्यांची खोली आहे, पण ती परदेशातून येणाऱ्यांसाठी राखीव असते आणि परदेशातून कुणी येत नाही. मी मोबाईलवर फ्रेमचा फोटो मोठा करून त्यांच्या चांगल्या डोळ्याजवळ धरला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि हसायलाच लागल्या.

“ह्यो आमचा आजा न्हाई. ही बिनधन्याची फ्रेम हाय. आमच्या आज्याच्या अंगाला कोट कवा लागला?”

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे आजोबा, म्हणजे माझ्या बायकोचे पणजोबा, कबरस्थानात कबरी खणायचे. दुसरं काहीच केलं नाही, शेवटपर्यंत. कुणी वारलं की नातेवाईक मेलेल्याचा फोटो फ्रेम करून कबरीच्या उशाशी ठेवून जात. दगडी क्रूस बसेपर्यंत तो तिथेच असे. पाऊस आला की आजोबा त्या फ्रेमा गोळा करून घरी आणत, फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवत आणि ज्याची त्याला परत देत. कधी ट्रंक भरली की भिंतीवर टांगत. घरात अशी परकी माणसं कायम असायची. लहानपणी आत्या आणि त्यांचा भाऊ त्या फोटोंतल्या माणसांना नावं द्यायचे. कोटवाल्याला ते मास्तर म्हणायचे. तो न्यायला कुणी आलं नाही, कारण त्याच साली आजोबाच वारले.

मेहुण्यांना पणजोबा मिळाले ते असे. पावसात भिजू नये म्हणून घरी आणलेला दुसऱ्याचा माणूस.

आत्यांनी हसणं थांबवलं आणि माझं मनगट धरलं. आजोबांची कबर भिंतीकडच्या नळापाशी होती, आत्यांच्या वडलांनी स्वतः खणली होती, वर दगड कधीच बसला नाही. दगड बसवायचा हे आत्यांच्या मनात आयुष्यभर होतं. आता मेहुणे बसवताहेत म्हणून त्यांना बरं वाटलं होतं, आणि निघालं हे.

“मी किती दिवसाची हाय सांग. मी गेल्यावर त्याला वळखणारं कोन उरलं? कबरी खणायचा असं लिवा. चोरी करत हुता का?”

मी मेहुण्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, आत्याला दिसतं कुठे. झालं. जिने आपल्या डोळ्यांनी आजोबा पाहिले तिला दिसत नाही, आणि ज्याने पाहिलेच नाहीत त्याला दिसतात. पुरावा आणा म्हणाले. खात्यात असताना लोकांना हेच सांगत असतील.

पुरावा आणायचा तर पणजोबांचा फोटो हवा, आणि मजुराचा फोटो कोण काढतो? हे मी बायकोजवळ बोललो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, त्यांचा कुणी काढला नसेल, पण दुसऱ्यांचे काढताना ते तिथे असतीलच की.

आमच्या लोकांत पूर्वी लग्नाचा फोटो नसला तरी चालायचं, मयताचा मात्र काढत. शवपेटीचं झाकण उघडं ठेवून तिच्याभोवती घरची मंडळी उभी राहत आणि फोटोवाला कॅमेऱ्याची तिवई लावून सगळ्यांना हलू नका म्हणून सांगे. उशाला विधवा, मुलं, भाऊ. पायथ्याला खणणारा. त्याला कुणी फोटोत बोलावलेलं नसे. पण पेटी खाली सोडायचे दोर आधीच पेटीखालून घातलेले असत आणि त्यांची टोकं त्याच्या हातात. दोर सोडून बाजूला होता येत नसे. म्हणून तो फोटोत यायचा.

मी नगरमधल्या जुन्या घरांत जाऊ लागलो. मयताचे फोटो दाखवा म्हटल्यावर लोक आधी दचकतात, मग चहा ठेवतात, मग पेटारा काढतात. पहिल्याच घरात तो सापडला. गुडघ्याच्या वर धोतर, अनवाणी, प्रार्थनेसाठी काढलेलं पागोटं काखेत, हातात दोर. डावा कान अर्धाच. लहानपणी कुत्र्याने तोडला होता, हे आत्यांनी मला आधीच सांगितलं होतं. दुसऱ्या घरात तोच. तिसऱ्या घरात तोच, थोडा म्हातारा. निरनिराळ्या लोकांच्या दुःखात हा एकच माणूस पायथ्याशी उभा होता, आणि त्या घरातल्या एकालाही तो कोण हे विचारावंसं वाटलं नव्हतं. एका बाईंनी चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाल्या, माळी असेल. एका घरात तर फोटो नव्याने करून घेताना पायथ्याची बाजू कापून टाकली होती. फ्रेम चांगली दिसत नव्हती म्हणे. कापलेल्या कडेला दोन दोर तेवढे उरले होते, हवेत ताणलेले, पलीकडे कुणी नाही. त्यांनी आग्रहाने दिलेली बिस्किटं मला खाववली नाहीत.

कोटवाल्याच्या माणसांचं कोल्हारचं घर शेवटी कळलं. आत्यांना आठवत होतं की मास्तरांची बायको नवरा गेल्यावर मुलं घेऊन माहेरी, प्रवरेकाठी, कोल्हारला गेली होती. तिथे त्यांचे नातू होते, माझ्यासारखेच शिक्षक, प्राथमिक शाळेतून निवृत्त. मी मोबाईलवर कोटवाल्याचा फोटो दाखवताच ते उभे राहिले. त्यांच्याकडे या फोटोची दुसरी प्रत नव्हती. आजी पुढच्या वर्षी फ्रेम न्यायला नगरला गेली होती, पण ठेवणारा माणूसच वारल्याचं कळलं आणि कुणाला विचारावं ते न कळून परत आली. मरेपर्यंत त्या फ्रेमबद्दल बोलायची.

त्यांनी एक पत्र्याचा डबा आणला. त्यात त्यांच्या आजोबांच्या मयताचा फोटो होता. पेटीत मास्तर, डोळे मिटलेले. पेटीच्या उशाशी उभी केलेली तीच फ्रेम, तोच कोट, तेच पुस्तक. आणि पायथ्याशी, काखेत पागोटं धरून, अर्ध्या कानाचा माणूस. मेहुण्यांचे पणजोबा आणि माझ्या बायकोचे पणजोबा एकाच फोटोत होते, एक मेलेला आणि एक त्याला उतरवायला आलेला.

त्या फोटोचा मी मोबाईलवर फोटो काढून आणला होता, तो घेऊन आम्ही नवराबायको सावेडीला गेलो. मेहुण्यांनी मोबाईल हातात घेतला, चित्र दोन बोटांनी मोठं केलं, उशाकडून पायथ्याकडे नेलं. भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं नाही. आता तरी या माणसाला आपल्या पणजोबांकडे नीट बघावंसं वाटेल, असं मला खरंच वाटलं होतं. मी माणसांबद्दल असा विचार अजूनही करतो.

“चेहरा तसा स्पष्ट आहे,” ते म्हणाले. “स्टुडिओवाला कोट चढवून देईल.”

मी विचारलं, आणि दोर? दोर काढता येतो, ते म्हणाले, हल्ली सगळं निघतं.

बायकोने मोबाईल आपल्याकडे घेतला. ती म्हणाली, “दादा, पाय अनवाणी आहेत. बूट घालणार का?”

त्यांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. “फोटो कमरेपर्यंतच घेतात,” म्हणाले. मग आवाज उतरवून मला म्हणाले, “दाजी, मुलीच्या सासरचे ईस्टरला येणार आहेत. त्यांना काय सांगू, आमचे पणजोबा खड्डे खणत होते? तुमचं ठीक आहे. तुमच्याकडे सगळेच तसे.”

आमच्याकडे सगळेच तसे, हे खरं आहे. माझ्या वडलांच्या हातावर कोयत्याचे वण आहेत आणि ते मी कुणापासून लपवलेले नाहीत. पण त्या सोफ्यावर बसून मला पहिल्यांदाच या माणसाचा राग येईनासा झाला. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं. इथे एक कोट होता, आणि त्याच्या आत कुणी नव्हतं.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात कोल्हारचे गुरुजी आपल्या बहिणीला घेऊन एसटीने नगरला आले. मी त्यांना ग्रॅनाइटचं सांगितलं होतं, लपवण्याचं कारण नव्हतं. ते सावेडीच्या हॉलमध्ये उभे राहिले आणि मेहुण्यांना म्हणाले, आमच्या माणसाला खाली उतरवा. मेहुण्यांनी चहा मागवला. दोन्ही घराण्यांचा समान वारसा वगैरे बोलले. बहीण सबंध वेळ त्या दिव्याखालच्या फोटोकडे बघत होती. ती म्हणाली, आजीला हा शेवटपर्यंत पाहायचा होता. मग मात्र मेहुण्यांनी स्टूल आणायला सांगितलं. फ्रेम उतरवून त्यांनी स्वतः नाही दिली, कामवाल्या बाईंच्या हातून दिली.

दगड बसला नाही. पण एवढा महाग ग्रॅनाइट टाकवेना. त्याची मागची बाजू पॉलिश करून घेतली आणि तो बंगल्याच्या स्वयंपाकघरात ओट्याला लावला. आता गॅसच्या शेगडीखाली आद्य ख्रिस्ती शिक्षक पालथे आहेत. कोल्हारच्या गुरुजींना मी हे सांगितलेलं नाही.

पुस्तिका छापली. तिच्यात पणजोबा आहेत, खरे पणजोबा, पण कोटात. कोट करड्या रंगाचा आहे, टायसकट. स्टुडिओवाल्याने कामात कसूर ठेवली नाही, त्याने डावा कानही पुरा करून दिला. खाली लिहिलंय, ‘आयुष्यभर मंडळीची निःस्वार्थ सेवा केली.’ वाक्य खोटं नाही, म्हणून ते जास्त नीच आहे. मसुद्यावर माझं नाव होतं ते मी खोडायला लावलं.

आम्ही नवराबायकोंनी एक साधा काळा दगड घडवून घेतला. तो बसवताना आत्यांना आणायची फार इच्छा होती, पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी धूळ चालणार नाही म्हणून सांगितलं. म्हणून घरी आल्यावर मी त्यांना मोठ्या अक्षरांत हे पत्र लिहिलं.

प्रिय आत्या,

सलाम. आम्ही पोचलो.

तुम्ही सांगितलेली जागा सापडली. नळ आता बंद आहे पण भिंतीतला पाइप आहे. त्याच्या डाव्या हाताला जमीन थोडी बसलेली आहे, तीच. पाळकसाहेबांनी हरकत घेतली नाही. प्रार्थना त्यांनी थोडक्यात केली, कारण ऊन चढलं होतं.

दगडावर आजोबांचं नाव आहे आणि त्याच्या खाली ‘कबरी खणल्या’ एवढंच आहे. घडवणाऱ्याने विचारलं, एखादं वचन घालू का, जागा पुष्कळ उरते. तुमची भाची म्हणाली, उरू दे.

दगड जड होता. हल्ली जो खणतो त्याने दोन दोर आणले. त्याने तुमच्या भाचीला विचारलं, हे तुमचे कोण? ती म्हणाली, पणजोबा. तो म्हणाला, “मग बाई, एक टोक तुमी धरा.” तिने धरलं. तिच्या तळहाताला थोडं सोललंय, हळद लावली आहे. काळजी करू नका.

दादा आले नाहीत. त्यांच्याकडे पाहुणे होते.

कोल्हारचे गुरुजी आले होते. त्यांनी त्यांच्या आजोबांची फ्रेम पिशवीत घालून आणली होती. दगड बसल्यावर त्यांनी ती काढली, थोडा वेळ दगडापाशी उभी केली आणि परत पिशवीत ठेवली. मला वाटतं, त्यांना पोच द्यायची होती.

फोटो काढला आहे. मोबाईलवर तुम्हाला नीट दिसत नाही म्हणून कागदावर काढून घेतोय, पुढच्या रविवारी आणतो. फोटोत तुमची भाची पायथ्याशी आहे. फोटोवाला तिला पुढे या म्हणाला, पण तिच्या हातात दोर होता.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला. चुलीपाशी बसू नका.

तुमचा
जावई